नवीन मशिदीचं डिझाईन: घुमट-मिनार हवेत की नकोत? मोकळेपणाने मतं द्या (पनवेल-तळोजा बाजू)

तळोजेकर यांचा प्रश्न

सलाम, नमस्कार मंडळी. आमच्या नोडमध्ये (नियोजित वसाहतीत) जमातीला मशिदीसाठी प्लॉट मिळालाय. सध्या तिथे पत्र्याची शेड आहे, पावसाळ्यात पत्र्यावर असा काही आवाज होतो की इमामसाहेबांची किरात (कुराणपठण) मागच्या सफेपर्यंत, म्हणजे रांगेपर्यंत, पोचतच नाही. कमिटीत मी सगळ्यात लहान, म्हणून लोकांची मतं गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय.

दोन ड्रॉइंग आहेत. पहिलं नेहमीचं, मधे मोठा हिरवा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार, पुढे कमानी आणि सगळीकडे टाइल्स. दुसरं एका तरुण आर्किटेक्टने केलंय, त्यात घुमट नाही, एकच बारीक मिनार, जाळीच्या भिंती आणि कोकणातल्या घरासारखं उतरतं छप्पर. दोन्ही प्रिंट शेडच्या बाहेर लावलेत, जुम्याला (शुक्रवारच्या नमाजेला) लोक उभं राहून बघतात, येणारे-जाणारे शेजारच्या सोसायट्यांमधले लोक पण थांबतात. म्हातारी माणसं म्हणतात दुसरी तर कम्युनिटी हॉल वाटते. पोरं म्हणतात पहिली भिवंडीपासून भटकळपर्यंत कुठेही उचलून ठेवा, सारखीच. एका चाचांनी तर सरळ सांगितलं, घुमट नसेल तर माझी वर्गणी धरू नका.

मला स्वतःला दुसरं डिझाईन मनापासून आवडलंय. पण एकदा उभी राहिली की आमची मुलं, नातवंडं त्यातच नमाज पढणार, मग ही गोष्ट नुसते हात वर करून ठरवायची का? राजकारण नको प्लीज, इमारतीवर बोला.

नौपाड्याची आर्किटेक्ट

दादा, आधी एक सांगते, लोकांना तुम्ही फक्त एलिव्हेशन दाखवलंय, म्हणजे बाहेरचा चेहरा. मग ते त्याच्यावरच बोलणार ना. प्लॅन (आतल्या जागांचा नकाशा) आणि सेक्शन (इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र) पण लावा बाहेर, कोणाला कळत नसेल तर कोणीतरी उभं राहून समजवा.

आपल्याकडून किबला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा, पश्चिमेच्या साधारण १० अंश उत्तरेकडे येतो. म्हणजे मुख्य भिंत कायम पश्चिमेची. आता विचार करा, एप्रिल-मेमधे असरच्या (दुपारनंतरच्या नमाजेच्या) वेळेला ऊन कुठून येतं? त्याच भिंतीवर. आणि जून ते सप्टेंबर पाऊस कुठून झोडपतो? नैऋत्येकडून, म्हणजे पुन्हा तीच बाजू. ती भिंत जर ६ इंची ब्लॉकची आणि वर टाइल असेल तर उन्हाळ्यात पहिल्या सफेतला माणूस भाजणार आणि पावसाळ्यात मिहराबच्या (इमाम उभे राहतात त्या कोनाड्याच्या) बाजूला ओल येणार. त्या भिंतीला दुहेरी करा, मधे पोकळी ठेवा, नाहीतर बाहेरून एक अरुंद व्हरांडा घ्या, वर छपराची पुढे आलेली पागोळी. तुमच्या दुसऱ्या ड्रॉइंगमधलं उतरतं छप्पर इथे खरंच कामाचं आहे, आपल्याकडे फ्लॅट स्लॅब किती वर्षं कोरडा राहतो ते ठाण्यातली कुठलीही गच्ची बघा, प्रत्येक सोसायटीने वर पत्रा टाकलाय.

दुसरं, आपले सेक्टरचे रस्ते किबल्याच्या हिशोबाने आखलेले नसतात. प्लॉट एका दिशेला, सफा दुसऱ्या दिशेला, की कोपऱ्यात तिरके तुकडे उरतात आणि तिथे मग चपला, पाण्याची टाकी, जनरेटर असं काहीही येऊन बसतं. ढाक्याची बैत उर रउफ मशीद बघा, मरिना तबस्सुम या आर्किटेक्टची, २०१२ ची. तिथेही हाच प्रॉब्लेम होता. त्यांनी बाहेरचा चौकोन प्लॉटप्रमाणे ठेवला, आत एक गोल घेतला आणि गोलाच्या आत नमाजची जागा किबल्याकडे फिरवली, आणि जे तुकडे उरले ते चौक झाले, तिथून उजेड-वारा आत येतो. साधी वीट, घुमट नाही, मिनार नाही, छपराला गोल भोकं, त्यातून उन्हाचे कवडसे खाली पडतात. जमीन त्यांच्या आजीने दिलेली. २०१६ ला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. हवा तिथली पण आपल्यासारखीच दमट, म्हणून हे उदाहरण देतेय.

घुमटाबद्दल म्हणाल तर दगड-विटांच्या काळात मधे खांब न घेता मोठी जागा झाकायला तो फार हुशार उपाय होता. विजापूरचा गोलघुमट साधारण ४४ मीटर व्यासाचा, खाली एक खांब नाही. पण तिथे टाळी वाजवली की किती वेळा परत ऐकू येते ते आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत ऐकलंय, खुत्ब्याचं (इमामांच्या प्रवचनाचं) तसं झालेलं चालेल का? आणि आत्ता जे बसवतात ते बहुतेक ठिकाणी स्लॅबवर ठेवलेलं एफआरपीचं (फायबरचं) तयार कवच असतं, आतून बघितलं तर सपाट स्लॅब, पंखे आणि ट्यूबलाइट. आतल्या माणसाला त्याचा काहीच उपयोग नाही. घ्यायचाच तर आतून उघडा, खाली उजेड उतरेल असा आणि आवाज न घुमेल असा करा.

कौसा_मुंब्रा

ताईंचं म्हणणं टेक्निकली बरोबर असेल पण मला घुमट हवाय आणि का ते सांगतो. आजूबाजूला सगळे ३०-४० मजल्यांचे टॉवर होणार. नवीन गावात नोकरीला आलेल्या पोराला, रस्त्याने जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला लांबून मिनार दिसला की कळतं इथे दोन घटका बसायला मिळेल, पाणी मिळेल. तो प्रत्येक वेळी मोबाईल काढून शोधणार का? आम्ही हॉलमध्ये, गाळ्यांत, गच्चीवर नमाज पढून म्हातारे झालो, आता कुठे स्वतःची जागा होतेय तर ती मशीद वाटायला नको? अयोध्येजवळ धन्नीपूरला नव्या मशिदीचं २०२० मधे वेगळंच, अंड्याच्या आकाराचं डिझाईन जाहीर केलं होतं, २०२३ ला बदलून घुमट-मिनारवालं आणलंच ना. लोकांच्या मनातलं चित्र असं पुसलं जात नाही.

नौपाड्याची आर्किटेक्ट

काका, ओळख पटायला हवी हे तुमचं एकदम मान्य. फक्त एवढंच की मदिन्यातली पैगंबरांची मशीद सुरुवातीला कच्च्या विटांची होती, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्या, घुमट-मिनार नंतर आले. आणि लोकांच्या मनातलं चित्र बदलतं पण. इस्लामाबादची फैसल मशीद, वेदात दालोकाय नावाच्या तुर्की आर्किटेक्टची, बिनघुमटाची, तंबूसारखी. सुरुवातीला खूप टीका झाली, १९८६ ला पूर्ण झाली, आणि पुढे तीच त्या शहराची ओळख झाली. मिनार मात्र त्यांनी चार ठेवलेत, उंच. तुम्ही सांगताय तो ट्रक ड्रायव्हर एका चांगल्या मिनाराने पण थांबेल.

श्रीवर्धनवाला

आमच्या गावची जुनी मशीद कौलारू होती. सागवानी खांब, पायथ्याला काळा दगड, बाजूला विहीर, हौज, आणि पुढे पडवी. भर मे महिन्यात जोहरच्या (दुपारच्या) नमाजेनंतर माणसं पडवीतच आडवी व्हायची, पंखा नसताना. नंतर कुवेत-दुबईची मंडळी पैसे पाठवायला लागली, सगळ्यांची नियत चांगलीच होती, जुनी पाडून आरसीसीची बांधली, घुमट बसवला. आता आत एसी लागतो आणि लाइट गेली की बसवत नाही. त्या खांबांचं काय झालं कोणाला माहीत नाही, मला अजून त्याचं वाईट वाटतं. केरळात कोडुंगल्लूरची चेरामन मशीद आहे, तिलाही नंतरच्या काळात काँक्रीटचे घुमट-मिनार लावले होते, ते आता काढून जुनं कौलारू रूप परत आणलंय. ते लोक करू शकतात. आपण कोकणी, आपल्याकडे पण आपलं स्वतःचं काहीतरी होतं ना. त्या चाचांना एकदा कोकणातली एखादी जुनी मशीद आतून दाखवा, त्यांचं बालपण पण कौलाखालीच गेलं असणार.

आपा_अमृतनगर

कोणी बायकांच्या जागेचं बोललं नाही म्हणून लिहिते. दोन्ही ड्रॉइंगमधे ती कुठे आहे? बऱ्याच ठिकाणी मागचा जिना, त्याच्या खाली जनरेटर, वर कोंदट खोली आणि एक स्पीकर, तो बंद पडला की इमाम रुकूत (वाकलेले) आहेत की सजद्यात (जमिनीला कपाळ टेकून) हे पण कळत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया गुडघ्यांमुळे येतच नाहीत. तळमजल्यावर जागा द्या, वेगळा नीट दरवाजा द्या, वजूला (नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला) बसायचे ओटे बरोबर उंचीचे करा आणि नळासमोर बुरखा-पर्स टांगायला हुक लावा, ओल्या लादीवर ठेवायचं कुठे सगळं? जाळीची भिंत असेल तर जाळीतून पुढचं दिसेल असं करा. एवढं ज्या ड्रॉइंगमधे असेल त्याला माझं मत, वर घुमट असो नाहीतर कौलं.

सेक्टरवाला_जोशी

मी शेजारी म्हणून लिहितोय, अशाच एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्यात घुमटावर कोणी बोलत नाही हो, शुक्रवारी दुपारी गाड्या कुठे लागणार आणि शाळेची बस कशी वळणार हाच प्रश्न असतो. मुलीकडे केंब्रिजला राहिलो तेव्हा तिथली नवीन मशीद बघितली, २०१९ ची, लंडन आय ज्यांनी केला त्याच मार्क्स बारफिल्डची. मिनार नाहीच, छोटा सोनेरी घुमट, आतले लाकडाचे खांब झाडांसारखे वर जाऊन छपरात एकमेकांत गुंतलेत, मान वर करून बघतच राहिलो. गाड्या तळघरात. आणि रस्त्याच्या बाजूला आधी बाग, कोणीही जाऊन बसावं अशी, मग मशीद. आम्ही दोघं रोज फिरून येताना तिथे टेकायचो. बांधायच्या आधी आसपासच्या लोकांना बोलवून विचारलं होतं म्हणे. तुम्ही पण आमच्यासारख्यांना बोलवा, कंपाउंड वॉलच्या जागी सावलीचा कट्टा आणि पाण्याचा नळ ठेवलात तर अर्धा सेक्टर तुमच्या बाजूने उभा राहील.

तळोजेकर

जजाकल्लाह सगळ्यांना. आपा, बघितलं, पहिल्या ड्रॉइंगमधे बायकांची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, दुसऱ्यात तळमजल्यावर पण दरवाजा पार्किंगमधून. दोन्ही आर्किटेक्टना आज कळवलंय की बदलून द्या. जोशीकाका, तुमच्यासारख्या सेक्रेटरींना बोलवायचा विषय येत्या मिटिंगमधे घेतोय. श्रीवर्धनवाले चाचा, तुमच्या गावच्या जुन्या मशिदीचा फोटो असेल तर पाठवा, मला तो प्रिंटच्या शेजारी लावायचाय.

ताई एक विचारायचं होतं, मिनार एकच ठेवायचा तर कुठल्या कोपऱ्यात घ्यावा? आणि उंचीचं कसं, विमानतळ जवळ आहे.

नौपाड्याची आर्किटेक्ट

उंचीची एनओसी आधी बघा, त्यावर बाकीचं ठरेल. जागा म्हणाल तर रस्त्याच्या वळणावरचा कोपरा घ्या, काकांचा ट्रक ड्रायव्हर तिथूनच येणार. आणि मिनार नुसता पोकळ शोभेचा नको, खाली-वर झडपा ठेवून आतली गरम हवा त्यातून बाहेर काढता येते, तुमच्या आर्किटेक्टला हे नक्की विचारा. पुढच्या आठवड्यात प्लॅन टाका इथे, सफांचं अंतर आणि खांब कुठे येतायत ते मी बघून सांगते.