‘देवाच्या कृपेने नोकरी लागली’: ही साक्ष बरोबर आहे का?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

सर्वांना सलाम. तीन-चार वर्षं हा विषय मनात घेऊन फिरतेय, आज लिहितेच.

एप्रिल २०२१मध्ये माझे पप्पा आणि आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींचे यजमान एकाच वॉर्डात होते. दोघांच्या मध्ये दोन खाटा. रात्री फोनवरच्या प्रार्थनासभेत दोघांची नावं एका दमात घेतली जायची. मावशींचे यजमान बरे होऊन घरी आले. पप्पा गेले. चर्च उघडल्यावर मावशी साक्षीला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “देवाच्या कृपेने माझे मालक वाचले.” सगळी मंडळी आमेन म्हणाली. माझ्या शेजारी बसलेली आईसुद्धा म्हणाली. माझ्या तोंडून शब्द निघेना.

मावशींवर राग नाही. पप्पा गेल्यावर पंधरा दिवस त्यांच्या सुनेच्या हातचा डबा आमच्याकडे येत होता. पण त्यांचं वाचणं ही कृपा असेल, तर आमच्या वाट्याला काय आलं?

माझं म्हणणं असं, की आपण कृपा हा शब्द चुकीच्या जागी खर्च करतो. नोकरी, व्हिसा, फ्लॅट, ऑपरेशन, सगळं ‘कृपेने’. हे आशीर्वाद म्हणा, उपकार म्हणा. बायबलमध्ये प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला पत्रात कृपेबद्दल लिहितो ते वेगळंच आहे. आपण मेलेले होतो, लायक नव्हतो, आणि तरी देवाने आपल्याला जवळ घेतलं.

ती कृपा मी त्याच वॉर्डात पाहिली. पप्पा आणि गावाकडचे काका अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण शेताचा बांध. व्हेंटिलेटरवर घ्यायच्या दोन दिवस आधी पप्पांनी नर्सला फोन लावून मागितला आणि म्हणाले, “दादा, बांध तुझाच. मीच दोन हात सरकवला होता.” काकांनी मागचं एक अक्षर काढलं नाही. “तू आधी बरा हो” एवढंच. मग दोन दिवस हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. आत कुणालाच सोडत नव्हते, हे माहीत असून. आजही आमच्या वाटच्या तुकड्यात तेच पेरणी करून देतात.

ही साक्ष आमच्या चर्चमध्ये कुणी दिलेली नाही. मीही नाही. तुम्हाला काय वाटतं?

नेवाशाची आजी

पोरी, तुझं दुःख समजलं. पण तुझं म्हणणं मला पटत नाही.

मी ज्या घरसभेला जाते तिथे चार बाया धुण्याभांड्याची कामं करतात. एक जण दर शुक्रवारी म्हणते, “देवाच्या कृपेने या हप्त्यात पोरांना दूध मिळालं.” तिला मी काय सांगू, बाई, हा शब्द इथे वापरू नको, पौलाचा अर्थ वेगळा आहे? देव चांगल्यावर आणि वाईटावर सारखाच पाऊस पाडतो, हे येशूनेच सांगितलं ना? तो पाऊस कृपा नाही तर काय? भाकरीसाठी प्रार्थना करायला त्यानेच शिकवलं, आणि त्याच प्रार्थनेत लगेच पुढे क्षमा आली. भाकर आणि क्षमा त्याने एकाच दमात मागायला लावली. तू त्यांची फारकत करू नको.

तुझी आई आमेन म्हणाली ना? तिला काहीतरी कळलं असेल.

वारीतला

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. तरी राहवलं नाही. ‘पांडुरंगाच्या कृपेने’ मुलाचं लग्न जमतं ते आमच्याकडेही. पण तुकोबा बघा. दुष्काळात बायको गेली, धंद्याचं दिवाळं निघालं, आणि ते देवाला म्हणतात, बरंच झालं, त्यामुळे तुझी आठवण राहिली. मिळालं म्हणून कृपा, हा हिशेब त्यांनी कधीच मोडला होता. तुमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे ना, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. मला वाटतं त्या पुलाची एक कमान हीच असावी.

स्लॅबवाला

धागाकर्तीच्या बाजूने, पण एक अडचण सांगतो. मी बांधकामाचे छोटे ठेके घेतो. सकाळी सातला मजूर अड्ड्यावर उभा असतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला (मालक उशिरा आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो तो) मला पाळकसाहेबांनी समजावून सांगायची गरज पडत नाही. अकरा वाजता ज्याला कुणी उचललेलं नसतं त्याचा चेहरा मी रोज बघतो. हातात डबा तसाच, नजर प्रत्येक गाडीवर.

गेल्या पावसाळ्याआधी एक गवंडी दुपारी दोनला आला. पोरगी तापाने फणफणली होती, दवाखान्यात होता. संध्याकाळी मी त्याला पूर्ण हजेरी दिली. बाकीचे भडकले. “आम्ही सातपासून घमेली वाहतोय.” अगदी दाखल्यातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दोघं मुद्दाम उशिरा आले. त्यांना अर्धी हजेरी दिली तर म्हणाले, काल कृपा, आज कायदा?

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. एक मात्र शिकलो. त्या गवंड्याची उरलेली अर्धी हजेरी माझ्या खिशातून गेली होती. कृपा घेणाऱ्याला फुकट असते, पण कुणाच्या तरी खिशातून जातेच. क्रूसावर कुणाच्या खिशातून गेली हे त्या संध्याकाळी जरा कळलं. पण धंदा रोज असा चालवता येत नाही, हेही खरं.

जमाखर्च

माझा विरोध आहे, आणि तो आजींपेक्षा वेगळा.

आमच्या मंडळीत (नाव, गाव सांगत नाही) इमारत निधीतली मोठी रक्कम एका जबाबदार माणसाने स्वतःच्या धंद्यात फिरवली. उघड झालं तेव्हा तो पुढे येऊन रडला. सगळे म्हणाले, “आपण कृपेचे लोक आहोत, क्षमा करू.” वही बंद. पैसे आले नाहीत, कुणी मागितलेही नाहीत. त्या निधीत एका विधवेने मंगळसूत्राचे मणी दिले होते. तिला कुणी विचारलं का, तू क्षमा केलीस का म्हणून?

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७मध्येच या ‘स्वस्त कृपे’बद्दल लिहिलं होतं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, क्रूसाशिवाय कृपा. लिहून थांबले नाहीत, हिटलरला विरोध केला आणि ९ एप्रिल १९४५ला फाशी गेले. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण (मुक्ती) मिळालं. ताई, तुमच्या पप्पांनी आधी ‘मीच सरकवला’ म्हटलं, म्हणून ती गोष्ट सुंदर आहे. बांध सरकवलेलाच ठेवून त्यांनी नुसतं ‘भावा, क्षमा कर’ म्हटलं असतं तर?

तळ्याकाठची

जमाखर्च, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात राहिला. त्या विधवेबद्दल तुम्ही पूर्ण बरोबर आहात. दुसऱ्याच्या वतीने क्षमा वाटायचा अधिकार मंडळीला नाही. पैसे परत मागायलाच हवे होते.

पण जक्कयाच्या गोष्टीचा क्रम बघा. चौपटीचं वचन नंतर आलं. आधी येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. पप्पांच्या बाबतीतही मला नंतर कळलं, की ते आजारी आहेत हे समजल्यावर काकांनीच आधी आईला फोन करून विचारपूस केली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग पप्पांना ‘मीच सरकवला’ म्हणायचं बळ आलं. कृपेने पश्चात्ताप येतो. उलट क्रमाने होतं असं मला वाटत नाही.

आजी, तुम्हाला उत्तर द्यायला मला अजून वेळ लागेल.

वसईकर

कॅथलिक बाजूने थोडं. तुमच्या या सगळ्या चर्चेत कृपा म्हणजे ‘मला काय जाणवलं’ असं होऊन बसलंय. जाणवलं नाही त्या दिवशी कृपा नव्हती का? आमच्याकडे कृपा संस्कारांतून येते. बाप्तिस्मा, मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली). मन कोरडं असलं तरी येते. कुमसाराला गुडघे टेकून एक चूक नावानिशी सांगावी लागते आणि चोरी असेल तर परतफेड करावीच लागते. जमाखर्च यांचा प्रश्न आमच्याकडे असा सहज सुटत नाही.

आणि कॅथलिक म्हणजे कर्मांनी तारण, हा जुना आरोप कुणी करण्याआधीच सांगतो. ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि (प्रॉटेस्टंटांपैकी) लुथरन जागतिक महासंघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने, हे दोघांनी मिळून म्हटलंय. २००६मध्ये मेथडिस्ट हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला.

नगरी

वसईकर दादा, संस्काराचं म्हणणं मान्य, पण समाजसुधारक पंडिता रमाबाईंचं उदाहरण आठवा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३मध्ये, इंग्लंडात. आणि नंतर त्यांनी स्वतः लिहिलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे जाणवणं अगदीच बाजूला सारता येत नाही.

आता माझ्या घरचं. आमचे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. गावात पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं, भांड्याला हात लावायची सोय नव्हती. आजी सांगायची, पहिल्या प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) एकच प्याला फिरला. पणजोबांच्या आधी जो प्यायला तो वरच्या जातीतून आलेला. त्याने ओठ पुसले आणि प्याला यांच्या हातात दिला. पणजोबांचा हात इतका थरथरला की द्राक्षरस सदऱ्यावर सांडला. तो सदरा पणजीने कित्येक दिवस धुतला नाही.

इथे कृपा म्हणजे काय ते कुणी शिकवलं नाही. ती प्याल्यातून आली, म्हणजे वसईकर बरोबर. हात थरथरला, म्हणजे जाणवलीही. पण मला दुखतं ते असं, की त्याच मंडळ्यांत पुढे सोयरीक जमवताना मूळ जात विचारली गेली, आजही विचारतात. एका प्याल्यातून पिऊन घरी जाऊन पत्रिकेत जात बघायची, ती मला सगळ्यात स्वस्त कृपा वाटते.

नेवाशाची आजी

नगरी, तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात विचारली होती.

तळ्याकाठची, उत्तराची घाई नाही. एवढंच सांग, त्या मावशींना कधी भेटलीस का यावर?

तळ्याकाठची

आजी, नव्हते भेटले. तुमचा प्रश्न वाचून काल गेले.

मावशी पालेभाजी निवडत बसल्या होत्या, मीही एक जुडी घेतली. विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. म्हणाल्या, “त्या रविवारी साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. घरी येऊन रात्रभर झोपले नाही. देवाला म्हटलं, माझा का ठेवलास आणि तिचा का नेलास. मी काय वेगळं केलं होतं?”

म्हणजे माझाच प्रश्न, तोही त्याच रात्री. आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना तो पडलाच नसेल. आजी, ‘वाचले’ या शब्दाच्या आत त्यांनी किती भीती आणि किती लाज भरली होती ते मला बाकावर बसून ऐकू आलं नव्हतं. तेव्हा ‘कृपा’ हा शब्द त्यांच्या तोंडून काढून घ्यावा, हे माझं म्हणणं मी मागे घेते. बांधाची गोष्ट साक्षीत यायला हवी, हे मात्र मागे घेत नाही.

ती गोष्ट मी मावशींना सांगितली. त्या म्हणाल्या, “हे चर्चमध्ये सांग.” रात्री काकांना फोन करून विचारलं, सांगू का. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांग. पण दोन हात म्हणू नकोस. एकच होता.”