ब्रेकअपनंतर ऐकायला गाणी सुचवा, पण रडवून तिथंच बसवणारी नकोत

राजारामपुरीची_पोर:
नमस्कार मंडळी, सरळच विचारतो. कॉलेजपासूनचं होतं आमचं, आता संपलंय. त्याच्या घरच्यांनी दुसरीकडं ठरवलं आणि त्यानंपण हो म्हटलं. भांडण वगैरे काही झालं नाही, त्यामुळं राग तरी कुणावर काढायचा. ऑफिस सुटलं की केएमटीच्या बसमध्ये खिडकीला बसायचं आणि कानात 'चन्ना मेरेया', मग दुनियादारीतलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला', मग परत 'चन्ना मेरेया', आता तर ॲप आपणहूनच तसली एकामागं एक लावतंय. मैत्रीण म्हणती गाणीच बंद कर, पण त्यानं अजूनच पोकळ वाटतंय. दुःख झाकत नाहीत पण माणसाला जरा पुढं सरकवतात अशी गाणी सांगा. मराठी असली तर लई बरं.

गंगावेस_दूधकट्टा:
ताई, 'तोच चंद्रमा नभात' शेवटपर्यंत ऐकलंस का कधी? शब्द शांता शेळक्यांचे, चाल आणि आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आणि बाबूजी जन्मले आपल्या कोल्हापुरातच, १९१९ साली. लोक ते चांदण्याचं रोमँटिक गाणं म्हणून कोजागिरीला लावतात, मला दरवेळी वाटतं अरे थांबा, पुढचं ऐका की. चंद्र तोच, जाईचा कुंज तोच, ती पण तिथंच जवळ आहे, कोण कुणाला सोडून गेलेलं नाही, फक्त आतलं जे होतं ते उरलं नाही. ब्रेकअपच्या गाण्यात बेवफा कोणतरी लागतोच, इथं कोणीच नाही. तुझं भांडण झालं नाही म्हणालीस म्हणून हे आठवलं. शेवटच्या कडव्यात वाळलेल्या फुलांत वास शोधणं चाललंय आणि ते व्यर्थ आहे हे त्याला कळतंय पण, तरी बाबूजी रडका आवाज काढत नाहीत, एकेक शब्द स्वच्छ ठेवतात. म्हणून ते जास्त लागतं, आणि संपल्यावर डोकं शांत होतं. इअरफोन काढून घरात मोठ्यानं लाव.

पन्हाळा_रायडर:
मी उलटं सांगतो. अल्ताफ राजाचं 'तुम तो ठहरे परदेसी' लावा. १९९७ चं. तवा रिक्षात, टपरीवर, जिथं जाईल तिथं तेच. लोक नावं ठेवतात, पण ते कव्वालीच्या ढंगाचं आहे, मधी शेर, मग परत धृपद, टाळ्या वाजवत सगळ्यांनी मिळून म्हणायचं. एकट्यानं कानात घालून ऐकणं आणि चारचौघांत ओरडून म्हणणं यात लई फरक पडतो ओ. आमच्यातल्या एकाचं असंच झालेलं, त्याला पन्हाळ्यावर नेला, झुणका-भाकरी खाल्ली, येताना गाडीत हे लावलं. आधी तोंड उघडंना, घाट उतरस्तोवर सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. मैत्रिणींना घेऊन जावा एकदा.

अबोली_फुल:
टाळ्यांचं पटलं, पण रात्री झोप येत नाही तेव्हा मैत्रिणी कुठून आणायच्या? मला आशाबाईंच्या 'केव्हातरी पहाटे'नं सावरलंय. सुरेश भटांची गझल, चाल हृदयनाथांची. प्रत्येक शेर 'रात गेली'वर येऊन थांबतो, सगळं गाऱ्हाणं रात्रीबद्दल, त्या माणसाला नाव ठेवलेलं नाही. आणि रात्र गेली हे इतक्यांदा कानावर पडतं की हळूहळू आपल्यालाही पटायला लागतं. बाकी 'चन्ना मेरेया'त तो निरोपच घेतोय ग, परत ये म्हणत नाही, तेवढं एक ठेव हवं तर. पण ॲपची हिस्टरी पुस आणि ऑटोप्ले बंद कर, ते आधी.

राजारामपुरीची_पोर:
हिस्टरी पुसली. पन्हाळ्याचं मैत्रिणींना विचारतो. 'भातुकलीच्या खेळामधली' कुणीच कसं सांगितलं नाही? ते ऐकू का?

गंगावेस_दूधकट्टा:
मुद्दामच नाही सांगितलं. शब्द पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दात्यांचा, गाणं सोन्यासारखं आहे, पण त्यात राजा विचारतो जीव असे जोडायचेच कशाला, आणि राणीकडं उत्तर नसतं. तू आत्ता त्याच प्रश्नावर अडकलीयस. जूनपर्यंत थांब, मग ऐक.