बैर-शेबा: सात विहिरी की शपथेची विहीर?

प्रश्न – वाचनमग्न

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात बैर-शेबा या गावाच्या नावाची कथा दोनदा येते. २१व्या अध्यायात अब्राहाम आणि गराराचा राजा अबीमलेख यांच्या करारावरून त्या ठिकाणाला हे नाव पडते, तर २६व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या चाकरांना विहिरीला पाणी लागल्यावर तेच नाव पुन्हा दिले जाते. अर्थही कुठे ‘शपथेची विहीर’ असा दिलेला आढळतो, तर कुठे ‘सात विहिरी’ असा. यांपैकी ग्राह्य कोणता, आणि एकाच गावाचे बारसे दोनदा का झाले असावे?

उत्तर – धातुपाठ

‘सात विहिरी’ हा अर्थ आधीच बाजूला ठेवावा, कारण तो व्याकरणात बसत नाही. ‘बएर’ म्हणजे विहीर, आणि या नावात तो शब्द एकवचनी आहे. सात विहिरी म्हणायच्या असत्या तर ‘शेवा बएरोत’ असे रूप झाले असते. उरतात ते ‘साताची विहीर’ आणि ‘शपथेची विहीर’ हे दोन अर्थ. शीन, बेत आणि आयिन याच तीन व्यंजनांतून हिब्रूत सात या संख्येचा ‘शेवा’ (नावातले ‘शेबा’) हा शब्दही येतो आणि शपथ घेण्याचे ‘निश्बा’ हे क्रियापदही. शपथ घेणे म्हणजे सात वस्तूंच्या साक्षीने स्वतःला बांधून घेणे, असा दुवा अनेक अभ्यासक जोडतात. अरब लोक करार करताना सात दगडांना रक्त लावतात, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिले आहे. तो दाखला या संदर्भात दिला जातो.

मात्र निवाडा करण्याआधी २१वा अध्याय सावकाश वाचावा. तंटा विहिरीच्या मालकीचा आहे. अबीमलेखाच्या चाकरांनी ती बळकावल्याची अब्राहामाची तक्रार आहे, आणि हे आजवर आपल्या कानांवर आलेच नव्हते, असे सांगून राजा मोकळा होतो. कराराची मेंढरे आणि गुरे देऊन झाल्यावर अब्राहाम कळपातल्या सात कोकरी वेगळ्या काढून उभ्या करतो. या कशासाठी, असे अबीमलेख विचारतो, तेव्हा ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून त्या माझ्या हातून घ्याव्यात, असे तो सांगतो. लगेच पुढचे वचन म्हणते की त्या दोघांनी तेथे शपथ वाहिली म्हणून त्या जागेचे नाव बैर-शेबा पडले. डोळ्यांसमोर सात कोकरी उभ्या करायच्या आणि कारण मात्र शपथेचे द्यायचे, ही कथनकाराने जाणूनबुजून केलेली योजना आहे. तेव्हा दोनांतला एक अर्थ निवडण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो.

उत्तर – पाठभेद

वरील विवेचन पटते. फक्त ‘जाणूनबुजून’ हे कथनकाराबद्दल खरे आहे, नावाबद्दल नव्हे. नाव बहुधा कथेहून जुने असावे आणि कथा त्याचा उलगडा करण्यासाठी रचली गेली असावी. बारसे दोनदा होण्याचे कारणही यातच आहे: एकाच नावाच्या दोन परंपरा चालत आल्या आणि संकलकाने एकीसाठी दुसरी गाळली नाही, असे चिकित्सक अभ्यासक मानतात. इसहाकाच्या कथेत विहिरीचे नाव ‘शिबा’ आहे. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतराने (सप्ततीने) तिथे ‘शपथ’ असा शब्द घातला, तर बायबलचा अनुवादक जेरोम याने लॅटिनमध्ये चक्क ‘विपुलता’ असा अर्थ दिला. यामागचे कारण लिपीत आहे. हिब्रूतल्या शीन (श) आणि सीन (स) यांचे अक्षर एकच असून त्यांतला भेद दाखवणारा बिंदू त्या काळच्या हस्तलिखितांत नव्हता, आणि सीन वाचला की ‘तृप्ती, रेलचेल’ हा अर्थ निघतो.

उत्तर – टेकडीवरून

स्थळाबद्दल थोडे. बायबलमधला ‘दानापासून बैर-शेबापर्यंत’ हा वाक्प्रचार म्हणजे दान या गावाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतचा सारा देश. दक्षिण इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या या शहराजवळच्या ‘तेल बएर शेवा’ (‘तेल’ म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी) येथे पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी १९६९ पासून उत्खनन केले. तेथे वेशीपाशी जवळपास ७० मीटर खोल विहीर सापडली. हीच अब्राहामाची विहीर, असे मार्गदर्शक हौसेने सांगतात, परंतु टेकडीवरील वस्ती लोहयुगातली, म्हणजे अब्राहामाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून बरीच नंतरची आहे, त्यामुळे तो दावा टिकत नाही. एका शिंगयुक्त (कोपऱ्यांवर शिंगांसारखी टोके असलेल्या) वेदीचे दगड मात्र नंतरच्या भिंतीत बांधकामासाठी वापरलेले आढळले. २००५ साली मगिद्दो आणि हासोर या प्राचीन स्थळांसह ही टेकडी जागतिक वारसा ठरली. अरबीत गावाला ‘बीर अस-सबा’ म्हणतात, आणि तिथेही ‘सात’च्या जोडीला ‘सिंहाची विहीर’ असा लोकप्रिय अर्थ सांगितला जातो. आजच्या शहरात महाराष्ट्रातून गेलेली बेने इस्रायली कुटुंबेही राहतात.