मदत हवी आहे: व्हॉलीबॉलमध्ये चेंडू पायाला लागला तर फाऊल द्यावा का?

नमस्कार मंडळी,

आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात भातकापणी आटोपली की मोकळ्या झालेल्या शेतात चुना मारून कोर्ट आखले जाते आणि आसपासच्या वाड्यांचे संघ रात्री दिव्यांच्या उजेडात व्हॉलीबॉलची स्पर्धा खेळतात. शाळेत असताना, १९८० च्या दशकात, मी हा खेळ बऱ्यापैकी खेळलो असल्यामुळे पंचाची शिट्टी दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते.

गेल्या रविवारी निर्णायक सेटमध्ये १३-१३ अशी बरोबरी असताना एका मुलाने अंगावर आलेला स्मॅश पाय पुढे टाकून बुटाच्या वरच्या बाजूने उचलला. तो मुळात फुटबॉलचा खेळाडू असल्याने चेंडू नेटजवळ असा नेमका उभा राहिला की सेटरला (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूला) जागचे हलावेही लागले नाही. मी मात्र शिट्टी मारून फाऊल दिला, कारण चेंडू कमरेखाली लागता कामा नये, असेच आम्हाला शिकवले होते. त्यावर तो मुलगा शांतपणे म्हणाला, "पांयाक लागलो जाल्यार किदें जालें?" (पायाला लागला तर काय झाले?) आणि पुढे त्याने विचारले की, या फाऊलची खूण कोणती? मला खूण आठवेना, म्हणून मी नुसते पायाकडे बोट दाखवले. त्याचा संघ तो सेट हरला आणि तेव्हापासून मला चैन नाही.

अंतिम सामना येत्या रविवारी असून शिट्टी पुन्हा माझ्याकडेच आहे. पायाचा नियम नेमका काय आहे, तसेच चेंडू आधी मनगटाला आणि लगेच छातीला लागला तर डबल (एकाच खेळाडूच्या सलग दोन स्पर्शांचा फाऊल) द्यायचा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण शिकलात तो नियम तेव्हा बरोबरच होता. पुढे मर्यादा कमरेवरून गुडघ्यापर्यंत खाली आली आणि १९९४ च्या अथेन्स येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय महासंघाने ती साफ काढून टाकली. १९९५ पासून चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाला लागलेला चालतो. पाय मुद्दाम मारला की चुकून लागला, हेही नियम विचारत नाही. पायाला चेंडू लागल्याची वेगळी खूण पंचांच्या खुणांत नाही, त्यामुळे मुलाचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. अपवाद फक्त सर्व्हिसचा आहे. ती एका हाताने किंवा बाहूच्या कोणत्याही भागानेच करावी लागते, लाथेने नाही.

मनगट आणि छातीचे उत्तर तो संघाचा कितवा स्पर्श होता यावर अवलंबून आहे. सर्व्हिस, समोरचा स्मॅश किंवा ब्लॉकवरून (नेटजवळ उडी मारून हातांनी केलेल्या अडवणुकीवरून) परतलेला चेंडू घेताना, म्हणजे संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत चेंडू मनगट, छाती, हनुवटी असा लागत गेला तरी तो डबल ठरत नाही. मात्र चेंडू मनगटावरून उडाला, खेळाडूने स्वतःला सावरले आणि पुन्हा हात घातला, तर त्या दोन हालचाली झाल्या आणि तिथे डबलची खूण म्हणून दोन बोटे वर करायलाच हवीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पर्शात ही सवलत मिळत नाही. तेव्हा चेंडू दोन ठिकाणी लागलाच तर तो एकाच क्षणी लागलेला असला पाहिजे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मग सेटरने दुसरा स्पर्श पायाने केला आणि चेंडू पावलावरून नडगीला घासून वर गेला तर तो डबल, असे मी समजतो. आमच्याकडे ब्लॉकवरूनही फार वाद होतात. चेंडू ब्लॉकरच्या बोटांना लागून त्याच्याच डोक्यावर आपटतो आणि तोच खेळाडू तो पुन्हा उचलतो, तेव्हा प्रेक्षक "डबल, डबल" म्हणून ओरडू लागतात.

प्रतिसाद १

सेटरचे आपण बरोबर समजलात. ब्लॉकच्या बाबतीत प्रेक्षकांना ओरडू द्यावे. ब्लॉकच्या एकाच हालचालीत चेंडू एका किंवा अनेक ब्लॉकर्सना लागोपाठ लागला तरी चालते, आणि ब्लॉकचा स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजला जात नाही. त्यामुळे त्यानंतरचा पहिला स्पर्श खुद्द त्या ब्लॉकरलाही करता येतो.

प्रतिसाद २

एक भर घालतो. पाय चालतो हे कळले की मुले चेंडू पायावर झेलून, क्षणभर थोपवून मग हव्या त्या दिशेला ढकलतात; फुटबॉलची सवय असलेल्यांकडून हे हमखास होते. चेंडू शरीरावरून उसळला पाहिजे. तो थांबला किंवा फेकला गेला तर तो होल्ड, मग तो हातावर असो, पायावर असो की कोपर आणि बरगडीच्या बेचक्यात अडकलेला असो, आणि पहिल्या स्पर्शातही त्याला माफी नाही. पंचाने पाहायचे ते एवढेच. पायाने घेतलेला चेंडू दिसायला विचित्र वाटतो म्हणून हात आपोआप शिट्टीकडे जातो, तो तेवढा आवरावा लागतो.

धागाकर्ता

दोघांचाही आभारी आहे. रविवारी टॉस करण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना पाय, पहिला स्पर्श आणि होल्ड हे तिन्ही मुद्दे समोर बोलावून सांगेन. निकाल आता बदलता येणार नाही, पण त्या मुलाच्या घरी आज संध्याकाळी जाऊन येतो.