बाजारातून आणलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) जुन्या कोंबड्यांत कशा मिसळायच्या?

परसदार: आमच्याकडे पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, परवा आठवडी बाजारातून तीन तलंगा आणल्या, गिरिराज जातीच्या म्हणून दिल्या, चारेक महिन्यांच्या असतील. संध्याकाळी डायरेक्ट खुराड्यात सोडल्या आणि सकाळी बघतो तर एकीच्या मानेवरची पिसं गेलेली, तुऱ्यातून रक्त. जुन्यांतली काळी तर त्यांना दाण्याजवळ फिरकूच देत नाही. आता तिघींना अंगणातच डाल्याखाली झाकलंय, किती दिवस ठेवू? जीव तुटतो हो बघून.

वाडीवरची: मारामारीचं नंतर बघू, आधी डालं लांब न्या, गोठ्याच्या पलीकडे वगैरे. निदान तीन आठवडे वेगळं दाणापाणी, आणि आधी जुन्यांना घालून मग यांच्याकडे जायचं, हातपाय धुवून. एक रात्र एकत्र होत्या त्यामुळे जुन्यांच्या शिटेवरपण लक्ष ठेवा. मी बाजारातल्या दोन अशाच सोडल्या होत्या, चौथ्या दिवशी हिरवी शिट, मग माना वाकड्या, मानमोडीचा रोग. अकरातल्या नऊ गेल्या. सगळ्या धडधाकट असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात मानमोडीच्या लसीचं विचारा, आमच्याकडे कुपी 100 पक्ष्यांची मिळते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते म्हणून आम्ही वाडीतले सगळे एकाच सकाळी कोंबड्या घेऊन बसतो.

खुराडंवाला: ताईंशी सहमत. तीन आठवडे झाले की खुराड्याला लागून जाळी मारा आणि आठवडाभर तिथे ठेवा, एकमेकींना दिसल्या पाहिजेत पण चोच पोचता कामा नये. मग अंधार पडल्यावर तिघींना एकदमच दांडीवर बसवा, एकटी कधीच सोडू नका. पहाटे उजाडायच्या आत उठून दार उघडा, कोंडून राहिल्या की पळायला जागा नसते. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी लांब लांब. थोडं टोचणं होणारच, कोण वर कोण खाली ही त्यांची उतरंड नव्याने लागते, पण रक्त दिसलं की लगेच बाजूला, लाल दिसलं की सगळ्या तिथेच टोचतात. तुऱ्याला जांभळं औषध लावा, लाली झाकते. काळी फारच माजली असेल तर तिलाच चार दिवस डाल्याखाली ठेवा, परत येते तेव्हा तिचा रुबाब उतरलेला असतो.

परसदार: डालं आत्ताच विहिरीकडे नेलं. लसीचं उद्या सकाळी दवाखान्यात विचारतो, शेजारच्यांनापण सांगून ठेवलंय. जखमवालीने आज थोडी कणी खाल्ली.