अनुभव धागा: पिल्लाला ग्रुप क्लासला घालताना

मंडळी, कुत्र्याचं पिल्लू ट्रेनिंगच्या ग्रुप क्लासला कधी घालायचं, क्लास कसा पारखायचा, घरी काय करायचं, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जाणकारांनी इथं लिहावं. 'आमचा ब्रूनो किती गोड' यासाठी दुसरा धागा काढू.

टिळकवाडी
सगळ्यात मोठा घोळ वयाचा. 'सगळी इंजेक्शनं संपू देत' म्हणून पिल्लू चार महिने घरात कोंडतात. पण नवी माणसं, आवाज, जागा सहज स्वीकारायचं वय साधारण 3 ते 14 आठवडे, आणि लसींचा कोर्स चालतो 16 आठवड्यांपर्यंत. पिल्लू 8 आठवड्यांचं झालंय, पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची पहिली लस होऊन किमान 7 दिवस गेलेत, जंताचं औषध दिलंय, जुलाब-उलटी-खोकला नाही, तर क्लासला न्या. पुढचे डोस मात्र तारखेला झालेच पाहिजेत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर.

मोकाट कुत्री फिरतात त्या मैदानावरचा क्लास या वयात नको. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. आमच्या इथल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाचं नाव काहीही असो, तिथल्या मातीत लस नाही.

शहापूर
फरशी कशानं पुसता, हे विचारा. फिनेलच्या वासावर जाऊ नका, पार्वोपुढं त्याचा भरवसा नाही. आधी साबणानं घाण काढायची, मग घरगुती ब्लीच 1 भाग आणि पाणी 30 भाग, 10 मिनिटं फरशी ओली ठेवायची, धुऊन वाळवायची. घाणीवरच ब्लीच ओतलं तर वाया जातं.

खानापूर
आधी पिल्लाशिवाय एकदा क्लास बघून या. एका शिकवणाऱ्यामागं 6 पिल्लं ठीक. 12 असतील तर तो बाजार. सगळी एकदम सोडून 'खेळू देत, आपोआप शिकतील' म्हणत असतील तर परत फिरा. त्यात दांडगं पिल्लू दांडगाई शिकतं आणि भित्रं पिल्लू धास्ती घेतं. खेळ जोडीनं, वय-आकार बघून, एक-दोन मिनिटं. मग मालकानं बोलवायचं, खाऊ द्यायचा, पुन्हा सोडायचं. क्लासला जायचं ते गोंधळातही आपल्याकडं बघायची सवय लागावी म्हणून. नुसता खेळ काय, गल्लीतही होतो.

खेळ आहे की छळ, हे ओळखायचं तर वरचढ पिल्लाला धरून ठेवा. दबलेलं आपण होऊन परत आलं तर खेळ. खुर्चीखाली शिरलं तर तिथंच थांबवा.

ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, आवडता खाऊ नाकारणं ही भीतीची लक्षणं. अशा पिल्लाला मध्ये ओढू नये. मागं सरकत जावं आणि ते जिथं खाऊ घेईल तिथंच बसावं. चोक चेन, झटके असतील तर तो क्लास सोडा. गळा आवळताना समोर जे कुत्रं दिसतं, दुखणं त्याच्या नावावर जमा होतं.

निपाणी
शब्द आधी ठरवा. 'बस' फसवा आहे, कारण 'बस्स, पुरे' पण दिवसभर चालतं. 'ये' तर पोरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांनाच. शिकवणारा कन्नड असला की त्यात 'बा'ची, म्हणजे कन्नडमधल्या 'ये'ची, भर. भाषा कुठलीही चालेल, पण एकच शब्द कागदावर लिहून फ्रिजला लावा, आजीसकट सगळ्यांनी तोच वापरायचा. पिल्लाला सीमाप्रश्न नसतो, घरातले पाच जण पाच शब्द बोलतात तिथं ते अडतं.

खाऊ म्हणजे मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे. सांगितलेलं केलं की सेकंदभरात तोंडात पडला पाहिजे. उशीर झाला तर पिल्लू उठून उभं राहिलेलं असतं आणि बक्षीस उठण्याला मिळतं. क्लासआधी जेवण निम्मं. आपला बेळगावी गोड कुंदा 'एवढासाच' म्हणूनसुद्धा नको. चॉकलेट, मनुका, कांदा हे तर विषच.

चिकोडी
मुधोळ जातीच्या पिल्लाचं वेगळं असतं बघा. नजरेनं शिकार करणारी जात, पळतं काही दिसलं की कान बंद. लॅब्राडॉरशी तुलना करू नका. परक्या माणसापासून ते अलिप्त राहतं, म्हणून 'सगळ्यांनी येऊन कुरवाळा' हा प्रकार लादू नये. माणूस बाजूला बसला, पिल्लानं वास घेतला, एवढं पुरे. बोलावणं शिकवताना 10 मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा. डोकं निमुळतं असल्यानं गळ्यातला साधा पट्टा सटकतो, आणि नाही सटकला तर सुसाट पळताना मानेला हिसका बसतो. जात समजून घ्यायची तर मुधोळजवळ तिम्मापूरला तिचं संशोधन केंद्र आहे.

वडगाव
आवाजाचं राहिलंच. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीचे ढोल यांचं रेकॉर्डिंग आधी इतकं बारीक लावा की पिल्लू कान टवकारेल पण खाणं थांबवणार नाही. आवाज सुरू झाला की खाऊ सुरू, आवाज बंद की खाऊ बंद. उलटं केलंत, म्हणजे खाऊ दाखवून मग ढोल लावला, तर ते खाऊलाच बिचकू लागतं. रोज 3–4 मिनिटं, आवाज चढवायचा तो दोन-तीन दिवसांनी थोडाथोडा. खऱ्या मिरवणुकीत नेऊ नका, दोन गल्ल्या लांबून ऐकवा.