मदत हवी आहे: आईची छातीतली जळजळ, कॅप्सूल बंद केली की पुन्हा सुरू

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावजवळच्या खेड्यातून लिहितोय.

आई साठीला टेकली आहे. जेवण झालं की थोड्या वेळात छातीच्या मधोमध जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री कोरडा खोकला. सकाळी आवाज बसलेला. सोडा, इनो, थंड दूध सगळं करून झालं. दुधानं घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल लिहून दिली होती. ती चिठ्ठी कधीच संपली, आता मेडिकलवाला रिकामी पट्टी बघून नवी देतो. घेते तोवर बरी. सोडली की चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त.

कापूस वेचणीत त्रास हमखास वाढतो. कमरेला ओटी आवळून बांधलेली, ती भरत जाते तशी खाली ओढते, आणि बाई दिवसभर वाकलेली. "वाकलं का तोंडात पाणी येते," असं तीच सांगते. घरी येऊन स्वयंपाक, उशिरा जेवण आणि लगेच बाजेवर आडवी. पहाटे उपाशीपोटी कोरा चहा. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक मधूनमधून चालू असते. सगळे ठेच्याला दोष देतात, मला ते काही पटत नाही.

ही कॅप्सूल जन्मभर घ्यायची का? शेजारी म्हणतात किडनी जाते. आणि दुर्बिणीची तपासणी करावी का? आई नावानंच घाबरते.

चिठ्ठीवाला:
मी सरकारी दवाखान्यात औषधं देतो, डॉक्टर नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती ढिली पडली की आम्ल वर येतं. वाकणं, पोट आवळणं, जेवून लगेच निजणं यानं ते ढकललंच जातं, तेव्हा ओटीबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. ठेचा काहींना बाधतो, काहींना नाही.

ती कॅप्सूल कधी घेतात? बहुतेक जण जळजळ झाल्यावर घेतात. पँटोप्राझोल सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. जेवणानं आम्ल तयार करणारे पंप सुरू होतात, औषध तेव्हा रक्तात हवं. बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तर आम्ल काही काळ उसळून येतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. किडनीच्या तक्रारी आणि हे औषध यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण औषधामुळेच होतं असं सिद्ध नाही. भीतीनं सोडू नका, विनाकारण चालूही ठेवू नका. मला खटकतं ते डॉमपेरिडोन. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ते असं महिनोन्‌महिने घ्यायचं औषध नाही. आणि डायक्लोफिनॅकनं जठराला जखम होऊ शकते, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी असणं, यातलं काहीही असेल तर दुर्बीण टाळू नका. चालताना छाती भरून येत असेल, घाम येत असेल तर आधी ईसीजी.

तर्रीपोहा:
दादा, आमच्या बाबालेबी असंच व्हायचं. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन इटा ठेवल्या. नुस्त्या उश्या रचून फायदा नाही, मान मुडपते अन् पोट दबते. बाजेले मधात झोल असन तर आधी दोर कसून घ्या. डाव्या कुशीवर निजाले सांगा, जेवल्यावर तीन तास तरी आडवं होऊ देऊ नोका. खर्रा, म्हंजे तंबाखू-सुपारी, सुटल्यावर लय फरक पडला, पण सुटता सुटत नोहोता.

धागाकर्ता:
आभार. कॅप्सूल ती रात्री जेवल्यावरच घेते. एक सांगायचं राहिलं, मागच्या शिबिरात तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, तेव्हापासून शौचही काळी होते. याचा संबंध असेल?

चिठ्ठीवाला:
लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होतेच, म्हणून नुसतं रंगावरून कळणार नाही. पण रक्त कमी, साठीचं वय आणि डायक्लोफिनॅक हे तिन्ही एकत्र आहे, वेचणी संपायची वाट बघू नका. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा, गरज पडली तर ते नागपूरच्या सुपरला, म्हणजे सुपर स्पेशालिटी रुग्णालयात, पाठवतील. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची तपासणी करायची ठरली तर आधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवावं लागतं, ते मात्र डॉक्टरांना विचारूनच. दुर्बिणीआधी घशात बधिर करणारा फवारा मारतात, आतलं काम काही मिनिटांचं असतं, आईला एवढंच सांगा. आणि सगळ्या पट्ट्या, गुडघ्याच्या गोळ्यांचीसुद्धा, पिशवीत टाकून न्या.